एकाला एचआयव्ही आहे म्हणून आयव्हीएफ कशाला?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘वडील एचआयव्हीबाधित, तरी बाळ निगेटिव्ह’ अशा धर्तीचे मथळे मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून झळकतात. बातमी खोटी नसते. पण तिच्यात सगळे श्रेय प्रयोगशाळेला, वीर्यातून विषाणू काढून टाकण्याच्या, म्हणजे वीर्य ‘धुण्याच्या’ तंत्राला आणि आयव्हीएफला दिलेले असते. वाचणाऱ्या जोडप्याची मग समजूत होते की, नवरा-बायकोपैकी एक जण पॉझिटिव्ह असेल तर मूल टेस्ट ट्यूबमधूनच येणार. कुणी त्यासाठी जमिनीचा तुकडा गहाण टाकतो, कुणी मुलाचा विचारच सोडून देतो. आमच्यापैकी काही जण एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रांत काम करतात, काही वंध्यत्वाच्या प्रयोगशाळांत. दोन्हीकडचे म्हणणे एकच असल्याने पत्रही एकत्रच लिहीत आहोत. जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही असणे हे आज आयव्हीएफचे कारण नाही. वंध्यत्व हे कारण आहे, आणि ते असेल तर एचआयव्हीचे निमित्त सांगून उपचार नाकारता येत नाहीत. प्रत्यक्षात चालते ते नेमके उलटे. ज्यांना गरज नाही त्यांना पॅकेज सांगितले जाते, ज्यांना गरज आहे त्यांना दार दाखवले जाते.

आधी एका शब्दाचा घोळ. एचआयव्हीच्या औषधोपचाराला एआरटी म्हणतात आणि आयव्हीएफ वगैरे तंत्रांनाही एआरटीच म्हणतात. २०२१चा ‘एआरटी कायदा’ वंध्यत्व केंद्रांसाठी, तर जिल्हा रुग्णालयातले ‘एआरटी सेंटर’ एचआयव्हीचे. केसपेपरवरचे ‘एआरटी चालू’ वाचून ‘आयव्हीएफच्या किती सायकल झाल्या?’ असे विचारले जाते ते यामुळेच. या पत्रात एआरटी म्हणजे एचआयव्हीचे औषध.

हे औषध नियमित घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला की तो लैंगिक संबंधातून जोडीदाराकडे जात नाही. हा कुणाचा अंदाज नव्हे. एचपीटीएन ०५२ हा अभ्यास ९ देशांतल्या १७६३ जोडप्यांवर झाला आणि त्यात पुण्यातली जोडपीही होती. औषध लवकर सुरू केल्यास जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यातून २०११मध्ये दिसले. पुढे २०१६मध्ये युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात ८८८ जोडप्यांची माहिती तपासली गेली. सुमारे ५८ हजार वेळा कंडोमविना संबंध, पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरल लोड (एक मिली रक्तातल्या विषाणूंचा आकडा) २००च्या खाली, आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने तर २०१३च्या वंध्यत्वविषयक मार्गदर्शिकेतच स्पष्ट केले होते की, पुरुष औषध नीट घेत असेल, व्हायरल लोड ६ महिन्यांहून अधिक काळ ५०च्या खाली असेल, दुसरा कुठला संसर्ग नसेल आणि कंडोमविना संबंध फक्त बीज सुटण्याच्या दिवसांपुरते असतील, तर वीर्य धुण्याने धोका आणखी कमी होईलच असे नाही. उलट गर्भ राहण्याची शक्यता घटू शकते.

तेव्हा पहिला प्रश्न व्हायरल लोडचा. इथे एक खड्डा आहे आणि त्यात चांगली शिकलेली माणसेही पडतात. सरकारी कार्यक्रमात व्हायरल लोड १०००च्या खाली असला की तो ‘सप्रेस्ड’ समजतात. औषध लागू पडते आहे की बदलायचे, एवढे ठरवण्यासाठी ती रेषा ठीक आहे. मूल होण्यासाठी कंडोम बाजूला ठेवायचा तर ती रेषा चालत नाही. ‘रिपोर्ट चांगला आहे’ असे ऐकून आलेल्या माणसाच्या कागदावर ६०० हा आकडा असू शकतो. म्हणून शेरा नको, आकडा विचारा. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ म्हणजे यंत्राला विषाणू सापडलाच नाही. ‘२०पेक्षा कमी’ किंवा ‘४०पेक्षा कमी’ म्हणजे खूण दिसली, पण मोजण्याइतकी नाही. यंत्राप्रमाणे हा आकडा बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षी २० आणि यंदा ४० दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही निकाल आपल्या कामाचे. दुसरी गोष्ट तारखेची. औषध स्थिरावल्यावर ही तपासणी वर्षातून एकदा होते, म्हणजे हातातला कागद ११ महिन्यांचा जुना असू शकतो. मूल हवे आहे असे केंद्रात स्पष्ट सांगून ताजी तपासणी मागावी. किमान ६ महिने आकडा खाली टिकलेला असावा, गोळ्या चुकलेल्या नसाव्यात.

महाराष्ट्रात आणि गोव्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे एचआयव्हीचा प्रकार. पश्चिम भारतात एचआयव्ही-२चे रुग्ण १९९१पासून नोंदले गेले आहेत. नेहमीची व्हायरल लोडची यंत्रे फक्त एचआयव्ही-१ मोजतात. एचआयव्ही-२ असलेल्या माणसाच्या रिपोर्टवर ‘नॉट डिटेक्टेड’ आले तर त्याचा अर्थ एवढाच की जे शोधले ते त्याच्यात नव्हतेच! निदानाच्या जुन्या कागदावर १ आहे, २ आहे की दोन्ही, ते आधी पाहावे. २ असेल तर वर सांगितलेला हिशेब तसाच लावू नये. अशा जोडप्याला वीर्यप्रक्रिया किंवा निगेटिव्ह जोडीदारासाठी प्रतिबंधक गोळी यांचा खराखुरा उपयोग आहे.

ही प्रतिबंधक गोळी म्हणजे प्रेप. टेनोफोविर ३०० आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम, रोज एक. पॉझिटिव्ह जोडीदाराचा आकडा अजून खाली आलेला नसेल, किंवा आला असूनही मनाची धाकधूक जात नसेल, तर निगेटिव्ह जोडीदाराने ती घ्यावी. बायकोला पूर्ण संरक्षण यायला जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ७ दिवस लागतात, अमेरिकी हिशेबाने २१. आम्ही २१ धरायला सांगतो, कारण मासिक पाळीचा एक फेरा वाट पाहण्याने काही बिघडत नाही. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि हिपॅटायटिस बीची तपासणी हवी. बी असताना ही गोळी मध्येच थांबवली तर यकृताला सूज येऊ शकते.

आकडा ठीक असला तरी लगेच प्रयत्न सुरू करू नयेत. आधी वीर्यतपासणी करा, पाळी नियमित आहे का बघा, दोघांची गुप्तरोगांची तपासणी करा. टीबी होऊन गेला असेल तर गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे एक्स-रे काढून पाहा. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे टीबी असण्याची शक्यता नेहमीच धरावी लागते. शुक्राणूच नसतील तर सहा महिने कंडोमविना घालवण्यात काय अर्थ आहे? टीबीचे औषध चालूच असेल तर तो कोर्स संपू द्या. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीचे डोल्युटेग्राविर हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडते. त्यामुळे त्या काळात डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी १२ तासांनी घ्यावी लागते, आणि ती चुकली की आकडा वर जाऊ शकतो.

सगळे ठीक असेल तर पुढचे फार साधे आहे. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटते. २८ दिवसांची पाळी असेल तर ११व्या ते १५व्या दिवसांत एक दिवसाआड संबंध. औषधाच्या दुकानातल्या लघवीच्या पट्टीवर खूण आली की २४ ते ३६ तासांत बीज सुटते, म्हणून तो दिवस आणि दुसरा दिवस. निगेटिव्ह जोडीदाराची तपासणी दर ३ महिन्यांनी. वर्षभरात गर्भ राहिला नाही, किंवा बायको ३५च्या पुढे असेल आणि सहा महिन्यांत राहिला नाही, तर तेव्हा वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडे जावे, जसे कुठलेही जोडपे जाते.

पॉझिटिव्ह बायको आणि निगेटिव्ह नवरा असेल तर आणखी सोपे. आकडा खाली असेल तर वरचाच मार्ग. तो खाली येण्याआधी घाई असेल किंवा नवऱ्याला भीती वाटत असेल, तर लागते काय? एक सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणि एक स्वच्छ, कोरडे, रुंद तोंडाचे भांडे. चहाच्या किमतीत येणारी सिरिंज पुरते तिथे धुतलेल्या वीर्याचे आययूआय (नळीने ते गर्भाशयात सोडणे) सांगणे आम्हाला पटत नाही, कारण नवरा निगेटिव्ह असताना धुवायचे तरी काय? वीर्य भांड्यात घ्यायचे आणि ते पातळ व्हायला २० ते ३० मिनिटे थांबायचे. घट्ट असताना ओढले तर निम्मे भांड्याला चिकटते आणि सिरिंजमध्ये हवा येते. मग सावकाश ओढून योनीत आतपर्यंत सोडायचे आणि १५-२० मिनिटे पडून राहायचे. फसते ते बारीकसारीक गोष्टींत. खोबरेल तेल, थुंकी, साबण यांनी शुक्राणू मंदावतात. कंडोममध्ये वीर्य घ्यायचे असेल तर शुक्राणूनाशक लावलेला नको. शक्यतो दट्ट्याला काळे रबर नसलेली सिरिंज घ्यावी, कारण ते रबर शुक्राणूंना मानवत नाही. आणि न धुतलेले वीर्य गर्भाशयाच्या आत कधीही सोडू नये. त्याने पोटात जोरदार कळा येतात आणि जंतुसंसर्गही होतो. योनीपर्यंत, त्यापुढे नाही.

गोळ्यांच्या वेळांबद्दल थोडे सविस्तर, कारण ही चूक घरोघरी होते. आज बहुतेकांना टीएलडी ही एकच गोळी असते: टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३००, डोल्युटेग्राविर ५०. मूल हवे म्हटले की स्त्रीरोगतज्ज्ञ लोह आणि कॅल्शियम लिहून देतात. कॅल्शियम आणि लोह पोटात डोल्युटेग्राविरला बांधून ठेवतात आणि औषध रक्तात कमी उतरते. बाई सगळ्या गोळ्या रात्री झोपताना, रिकाम्या पोटी, एकाच घोटात घेते. एकही गोळी चुकत नाही आणि तरी व्हायरल लोड वर येतो. मग केंद्रात तिला ‘गोळ्या चुकवता का?’ म्हणून बोलणी बसतात. नियम असा: टीएलडी ही कॅल्शियम-लोहाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. किंवा सगळे एकत्रच घ्यायचे तर भरल्या पोटी, जेवणाबरोबर. आम्ही लोह सकाळी, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि टीएलडी रात्री नऊला असे बसवून देतो. ॲसिडिटीच्या पातळ औषधालाही २ तास आधी किंवा ६ तास नंतर हाच नियम, पण ते जेवणाबरोबरही एकत्र घेऊ नये. फॉलिक ॲसिडला मात्र अडचण नाही. दुसऱ्या फळीच्या औषधांत रिटोनाविर असेल तर प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी सर्रास देतात ते मिथाइलएर्गोमेट्रिन चालत नाही, रक्तवाहिन्या धोकादायकरीत्या आवळल्या जातात. म्हणून निदान लपवून वंध्यत्व किंवा प्रसूतीचे उपचार घेऊ नयेत. लपवावेसे का वाटते, ते पुढे येतेच.

आता ज्या तंत्राचे एवढे कौतुक होते ते. मिलानमध्ये सेम्प्रिनी आणि सहकाऱ्यांनी पॉझिटिव्ह पुरुषांचे वीर्य प्रक्रिया करून निगेटिव्ह बायकांना द्यायला सुरुवात केली आणि १९९२मध्ये २९ जोडप्यांचे निष्कर्ष मांडले. एकाही बायकोला लागण नव्हती. त्याआधी १९९०मध्ये अमेरिकेत प्रक्रिया केलेल्या वीर्यातून लागण झाल्याची एक घटना नोंदली गेली होती, म्हणून तिकडे बरीच वर्षे हे तंत्र नकोच म्हणत. पुढे युरोपातल्या केंद्रांनी १०३६ जोडप्यांवरच्या उपचारांच्या ३३९० आवर्तनांची नोंद मांडली, आणि २०१६च्या एका आढाव्यात ३९९४ बायकांची ११,५८५ आवर्तने मोजली गेली. लागण शून्य. तंत्र भरवशाचे आहे यात वाद नाही, मात्र नीट केले तर.

विषाणू असतो तो वीर्याच्या द्रवात सुटा आणि पांढऱ्या पेशींत. शुक्राणूवर विषाणूला आत शिरायला लागते ते सीडी४चे दार नसते. सगळे तंत्र या फरकावर उभे आहे. निमुळत्या तळाच्या नळीत खाली ८० टक्क्यांचे आणि त्यावर ४० टक्क्यांचे सिलिका-द्रावण, प्रत्येकी १ मिली, आणि त्यावर वीर्याचा थर थेंबाथेंबाने. थर एकमेकांत मिसळले तर पुढचे सगळे वाया. मग सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) गुरुत्वाच्या ३०० ते ४०० पट जोराने १५ ते २० मिनिटे. जड, पक्व शुक्राणू तळाला बसतात. द्रव, पांढऱ्या पेशी आणि मेलेले शुक्राणू वरच राहतात. इथे तंत्रज्ञाची पहिली चूक म्हणजे जोराऐवजी मिनिटाच्या फेऱ्या लक्षात ठेवणे. १५०० फेऱ्यांना १० सेंटीमीटर त्रिज्येच्या यंत्रात सुमारे २५० पट जोर येतो, १५ सेंटीमीटरच्या यंत्रात सुमारे ३७७. यंत्र बदलले की आकडा नव्याने काढायला हवा, आणि तो काढलेला क्वचितच दिसतो. दुसरी चूक त्याहून महाग. वरचा द्रव काढलेली पिपेटच तळापर्यंत नेऊन गाळ उचलणे. नळीच्या भिंतीला विषाणूचा द्रव चिकटलेला असतो, तो पिपेटबरोबर खाली येतो आणि केलेले सगळे पुसून जाते. थर वरून खाली काढायचे, गाळासाठी नवी पिपेट घ्यायची आणि गाळ नव्या नळीत टाकायचा. त्यानंतर ताज्या माध्यमात दोन वेळा धुणे, आणि शेवटी स्विम-अप. गाळावर १ मिली माध्यम अलगद सोडून नळी ४५ अंशांत तिरकी करून ३७ अंशांवर तासभर ठेवायची. जे शुक्राणू स्वतः पोहून वर येतील तेवढेच घ्यायचे.

त्यातला थोडा भाग पीसीआरला, म्हणजे विषाणू उरला आहे का हे शोधणाऱ्या चाचणीला जातो. हे झाले नाही तर त्याला धुणे म्हणू नये, कारण नीट धुतलेले काही नमुनेही पॉझिटिव्ह निघतात आणि ते टाकून द्यावे लागतात. वीर्यातली काही द्रव्ये पीसीआरलाच अडवतात. तेव्हा चाचणी नीट चालली हे दाखवणारा आतला नियंत्रण-संकेत उमटला नसेल तर ‘निगेटिव्ह’ हा निकाल निकालच नव्हे. रक्ताच्या नमुन्यासाठी बसवलेले यंत्र वीर्यासाठी तपासून घेतलेले आहे का, हा प्रश्न जोडप्याने विचारायलाच हवा. निकाल त्याच दिवशी मिळाला नाही तर नमुना गोठवावा लागतो, आणि वितळवल्यावर हालचाल करणारे शुक्राणू साधारण निम्मे उरतात. मग आययूआयला संख्या पुरत नाही आणि गाडी इक्सीवर (एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडण्यावर) जाते. अशा रीतीने, वंध्यत्व नसलेले जोडपे शेवटी इक्सीच्या टेबलावर पोहोचते.

खरी गरज असलेल्यांचे काय? नलिका बंद आहेत, शुक्राणू कमी आहेत, वय निघून चालले आहे, अशांना ‘आमच्याकडे वेगळी लॅब नाही’ असे सांगून परत पाठवतात. नमुना दिवसाच्या शेवटी घेणे, सेंट्रिफ्यूजला झाकणबंद बादल्या, सीलबंद स्ट्रॉ, साठवणीला वेगळी टाकी, एवढ्यावर काम भागते, आणि हिपॅटायटिस बीसाठी यातले बरेचसे आधीच असायला हवे. सुई टोचल्यावर एचआयव्ही लागण्याचा धोका ०.३ टक्के आहे आणि ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचे औषध उपलब्ध आहे. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका याच्या कितीतरी पट. तरी बीचा रुग्ण आत आणि एचआयव्हीचा बाहेर. काही जण २०२१च्या कायद्यावर बोट ठेवतात. त्यातली एचआयव्ही तपासणीची अट वीर्यदात्यासाठी आहे. स्वतःच्या बायकोसाठी वीर्य देणारा नवरा दाता नव्हे.

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. कलम ३ खाली आरोग्यसेवा नाकारणे, थांबवणे किंवा वेगळी वागणूक देणे हा भेदभाव ठरतो. ‘किट चार्ज’ म्हणून केवळ यांच्याकडून जादा पैसे घेणे यात बसते असे आमचे मत आहे. कलम ५ प्रमाणे समुपदेशन आणि संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. प्रत्यक्षात ‘व्हायरल मार्कर’ नावाच्या गठ्ठ्यात ती उरकली जाते आणि निकाल सासूसमोर सांगितला जातो. २० किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या लोकपालाकडे जाता येते. त्यांनी ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो, तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो २४ तासांत. नकार तोंडी मिळाला तर तो लेखी मागा. बहुतेकदा लेखी द्यायची वेळ आली की नकार मागे घेतला जातो. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

बाळाबद्दल थोडक्यात. आई पॉझिटिव्ह असेल आणि काहीच केले नाही तर लागणीचा धोका १५ ते ४५ टक्के. औषधोपचाराने तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. आईचा आकडा खाली असेल तर बाळाला जन्मापासून ६ आठवडे प्रतिबंधक औषधाचे सिरप. एचआयव्ही-२ असलेल्या आईच्या बाळाला नेव्हिरापिनचे सिरप उपयोगाचे नाही, झिडोवुडिनचे लागते. तपासण्या ६ आठवडे, ६ महिने, १२ महिने आणि शेवटची १८ महिन्यांना. फक्त वडील पॉझिटिव्ह असतील आणि आई गरोदरपणात व स्तनपानाच्या काळातही निगेटिव्ह राहिली, तर बाळाला काहीच लागत नाही, म्हणून आईची तपासणी तोवर चालू ठेवायची.

पुढच्या वेळी अशी बातमी छापताना त्या जोडप्याचा व्हायरल लोड किती होता आणि वंध्यत्वाचे निदान काय होते, एवढे दोन प्रश्न आपल्या वार्ताहराने संबंधित केंद्राला विचारावेत, ही विनंती.

आपले,
एआरटी केंद्रे आणि वंध्यत्व प्रयोगशाळांत काम करणारे काही जण, पुणे
(नावे व पत्ते पत्रासोबत स्वतंत्रपणे दिले आहेत, कृपया प्रसिद्ध करू नयेत.)